हिशोबपट्टी

भाच्यानं डीमॅट खातं उघडलं. अकोल्याहून फोन. "मामा, झालं ना खातं. आता सांगा, काय घेऊ?" म्हटलं, चार दिवस काही घेऊ नको, नुसता पाहत राहा. पोट्टा हिरमुसला. मामाले काही येत नाही, असंच त्याला वाटलं असणार. बरोबर आहे त्याचं. काय घ्यावं हे मला तीस वर्षांत आलं नाही. घेतात कसं आणि विकतात कसं, तेवढं येतं.

*

माझे वडील अकोल्याच्या बाजारात एका अडत दुकानी मुनीम होते. त्यांच्याकडून ऐकलेलं: पूर्वी कापसाचा भाव मोठ्यानं बोलत नसत. दलाल आणि खरीददार रुमालाखाली एकमेकांचा हात धरत आणि बोटं दाबून भाव ठरवत. शेतकरी आपल्या गाडीशी उभा. त्याच्याच मालाचा सौदा चाललाय आणि त्यालाच काही दिसत नाही.

पुढे उघडा हर्रास आला. त्याआधी कायदा आला, आणि तो इथेच आला. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार 1886 साली आपल्या कारंज्यात. 1897 साली खास वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीच्या हाती कायद्याचा दांडा आला तो 1992 साली, हर्षद मेहताचा धूर निघाला त्या वर्षी. म्हणजे दलालाला शिस्त लावायचं काम कापसात सेबीच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी सुरू झालं. वऱ्हाडानं एवढी फुशारकी मारायला हरकत नाही.

*

पाचव्या दिवशी पोट्ट्यानं घेतलेच. एका लहान कंपनीचे 100 शेअर, मार्केट ऑर्डरनं. संध्याकाळी फोन.

"मामा, पडद्यावर त चारशे बारा दाखवून राह्यला होता. मले चारशे चौदा काऊन लागले?"

"भाव दाखवला म्हंजे त्या भावात तुले माल देला, असं कोनं सांगतलं?"

नंतर त्याला कागदावर काढून दिलं. 412 हा झालेल्या सौद्याचा भाव. कुणीतरी कुणाला तरी शेवटचा विकला तो. आता बाजारात उभे कोण, हे खाली पाहायचं असतं. तिथे घेणाऱ्यांच्या पाच बोली आणि विकणाऱ्यांच्या पाच बोली दिसतात. त्या वेळी विकणारे असे उभे होते: 413 ला 15 शेअर, 413.80 ला 60, आणि 416 ला 300. यानं सांगितलं, शंभर द्या, मिळेल त्या भावात. मशीननं तसंच केलं. आधी 15 उचलले, मग 60, आणि उरलेले 25 थेट 416 ला. एकूण 41,423 रुपये. सरासरी 414 रुपये 23 पैसे.

घेणारे कुठे होते? 411.90 ला 40, आणि 411.50 ला 200. म्हणजे घेतल्या घेतल्या यानं शंभरच्या शंभर विकायला काढले असते तर हाती आले असते 41,166. भाव हलला नाही, वेळ गेला नाही, आणि 257 रुपये गेले. एवढे पैसे अंतरातच जातात. मोठ्या कंपनीत घेणारा-विकणारा पाच-दहा पैशांवर उभे असतात म्हणून कळत नाही. लहान कंपनीत मध्ये नाला असतो.

उपाय साधा. लिमिट ऑर्डर. "मी 412 च्या वर देणार नाही" असं लिहून ठेवायचं. मिळाले तर मिळाले. यार्डात आपण हेच करतो, पटला नाही भाव तर माल परत घरी. फोन हाती आला की माणसाला हे विसरायला होतं.

*

एकाच भावात दोघं उभे असले तर आधी आला त्याचा नंबर आधी. सीसीआयच्या कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग असते तसं. फक्त इथे मध्ये घुसता येत नाही आणि ओळखीचा ग्रेडर चालत नाही. आणखी एक: ऑर्डर लावून ठेवली आणि मग भाव वीस पैशांनी बदलला, की नंबर गेला, पुन्हा मागून.

*

अमरावतीच्या राजकमल चौकात गिला वडा खाताना शेजारच्या टेबलावर दोघं. एकाचं म्हणणं, "सर्किट लागलं बे, उद्या पण लागते." दुसऱ्यानं लगेच फोन काढला.

सर्किट म्हणजे त्या दिवसाची कुंपणं. बहुतेक शेअरना, शेअरप्रमाणे 2, 5, 10 किंवा 20 टक्के, त्यापलीकडे त्या दिवशी भाव जात नाही. वरचं सर्किट लागलं म्हणजे घेणारे रांगेत आणि विकणारा एकही नाही. खालचं लागलं की उलट. म्हणून सर्किट लागलेला शेअर घ्यायला जाणं म्हणजे दुकानाचं शटर पडल्यावर भाव विचारणं. मिळाला, तर विचार करावा की हा मला का मिळाला.

खालचं सर्किट काय असतं ते मी 23 मार्च 2020 ला पाहिलं. त्या दिवशी सेन्सेक्स 3,934 अंकांनी आपटला. सकाळी दहा टक्के पडल्यावर सगळा बाजारच पाऊण तास बंद ठेवावा लागला. माझ्याकडे एका कारखान्याचे थोडे शेअर होते. स्टॉप लॉस लावलेला होता, म्हणून मी निर्धास्त. स्टॉप लॉस सुटला, ऑर्डर बाजारात गेली आणि तिथेच उभी राहिली. समोर घेणाराच नव्हता. चार दिवस रोज नव्यानं लावली, रोज तशीच उभी राहिली. स्टॉप लॉस हा नुसता निरोप असतो: भाव इथे आला की माझा माल विकायला काढा. पुढे गिऱ्हाईक आणून देणं त्याच्या हाती नाही.

*

वडिलांच्या वेळच्या हिशोबपट्टीत कापसाचं वजन, भाव, एकूण रक्कम. मग त्यातून वजा: अडत, हमाली, तोलाई, कधी गाडीभाडं, उचल. शेतकरी वरची रक्कम पाहत नसे. बोट थेट खालच्या ओळीवर. "चुकारा किती?" एवढाच प्रश्न.

शेअरच्या हिशोबपट्टीला काँट्रॅक्ट नोट म्हणतात. रोज सौदा केला की रात्री ईमेलवर येते, पॅन नंबर टाकून उघडते. मी पैज लावायला तयार आहे की दहातले नऊ जण ती उघडत नाहीत. म्हणून एक उघडतो.

450 रुपयांचे 20 शेअर घेतले: 9,000. 460 ला विकले: 9,200. फायदा दोनशे, लोकांना सांगायला. आता वजा. जुन्या पद्धतीचा ब्रोकर अर्धा टक्का घेतो असं धरा. घेताना 45, विकताना 46, झाले 91. त्यावर जीएसटी 18 टक्के, सोळा रुपये. सरकारचा सौद्यावरचा कर, एसटीटी, दोन्ही वेळा दर शेकडा दहा पैसे: 9 आणि 9. घेताना मुद्रांक शुल्क, दीड रुपयाच्या आत. विकताना डीमॅटमधून शेअर काढल्याचे साधारण पंधरा. एकूण गेले 142. हाती राहिले अठ्ठावन्न, आणि वर्षाच्या आत विकल्यामुळे नफ्यावर 20 टक्के दरानं आयकराचं प्रकरण वेगळंच.

अशा सौद्यावर दलाली न घेणाऱ्या स्वस्तातल्या ब्रोकरकडे यातले 107 वाचतात, ही खरी गोष्ट. पण डीमॅटचे पंधरा तसेच राहतात, वीस शेअर विका की दोन विका. दोन-दोन शेअर विकणाऱ्या माणसाचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. पाव किलो तूर विकायला गाडीभाडं देऊन यार्डात जाण्यासारखं आहे ते.

*

शेअर म्हणजे मालकीचा तुकडा, हे सगळे सांगतात. मूर्तिजापूरला उतरल्यावर मला ते जास्त पटायचं. तिथून एकीकडे यवतमाळ, दुसरीकडे अचलपूर, अशी ती शकुंतला गाडी जायची. इंजिन रेल्वेचं, स्टेशन मास्तर रेल्वेचा, तिकीट रेल्वेचं, आणि रूळ मात्र जुन्या खासगी कंपनीच्या मालकीचे. स्वातंत्र्यानंतरही. सरकार वापराबद्दल त्या कंपनीला पैसे देत असे. मालक कोण आणि चालवणारा कोण, या दोन वेगळ्या गोष्टी. ज्याच्याजवळ एक शेअर आहे तोही मालकच, फक्त त्याला कोणी इंजिनात बसू देत नाही.

*

बहिणीचा फोन. "दादा, पोराचे शेअर एका रात्रीत अर्धे झाले. तो जेवत नाही."

पाहिलं तर स्प्लिट. दहा रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर पाचच्या दोनात तोडलेला. भाव निम्मा, संख्या दुप्पट. नवे शेअर खात्यात दिसायला एखादा दिवस लागतो, आणि तेवढ्यात अशी घरं जेवत नाहीत. शंभराची नोट मोडून पन्नासच्या दोन घेतल्या, म्हटलं. "मंग तोडतात कायले?" लहान नोट जास्त हातांत फिरते म्हणून. यात फायदा काही नाही, तोटाही नाही. बोनस शेअरही जवळपास असाच, पण नाव बोनस असल्यामुळे लोक पेढे वाटतात.

*

लाभांशाची तारीख पाहून त्याच दिवशी शेअर घेणारे लोक. घेतलेला शेअर खात्यात येतो दुसऱ्या दिवशी. 27 जानेवारी 2023 पासून सगळ्याच शेअरना हा एक दिवसाचा नियम लागला. यादी बनते ती त्या तारखेला खात्यात कोण आहे त्याची. म्हणून निदान एक दिवस आधी घेतलेला पाहिजे. आणि घेतला तरी फार हुरळू नये, लाभांश जेवढा तेवढा भाव त्या सकाळी साधारण उतरूनच उघडतो. गाय विकताना दूध आधी काढून घ्यावं तसं.

*

अमेरिकेत 1861 साली आपसात लढाई पेटली. लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, तेव्हा त्यांनी इकडे तोंड वळवलं. मुंबईच्या बंदरात कापसाला भलता भाव आला आणि त्यातला बराच कापूस वऱ्हाडाच्या काळ्या मातीतला. आपल्याकडे तर रेल्वेसुद्धा पुरी झालेली नव्हती, भुसावळ ते नागपूर लोहमार्ग पुरा झाला 1867 ला. बैलगाड्या चालत राहिल्या. मुंबईत मात्र कापसाचा पैसा जिरवायला जागा उरली नाही, म्हणून रोज नवी बँक, नवी कंपनी, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या, आणि सगळ्यांचे शेअर. दलालीतलं प्रेमचंद रायचंद यांचं नाव तेव्हाचं.

1865 च्या वसंतात लढाई संपली. वायद्याच्या सौद्यांचा हिशोब पुरा करायची तारीख होती 1 जुलै. त्या दिवशी कोणी कुणाचं देणं देऊ शकेना. बँक ऑफ बॉम्बेचा 2,850 पर्यंत गेलेला शेअर 87 ला विकला जायची पाळी आली. टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमणाऱ्या दलालांनी दहा वर्षांनी, 1875 ला, आपली संघटना बांधली. तोच आजचा मुंबई शेअर बाजार. प्रवेश फी एक रुपया.

त्या तेजीतला पैसा आमच्या गावांपर्यंत किती आला, देव जाणे. कापूस मात्र आमचा गेला.

*

आकडा लावणाऱ्यांना कुणी सांगत नाही, पण त्यांचा धंदाही कापसातूनच निघाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडायचा आणि बंद व्हायचा भाव तारेनं मुंबईला यायचा, त्यावर पैसे लागायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणं थांबलं, मग मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तेवढे राहिले.

फोनवरच्या ऑप्शनच्या पडद्याकडे पाहताना मला हटकून त्याची आठवण येते. यात अन्याय आहे, वायदा बाजाराला खरं काम असतं. जिनिंगवाला सहा महिन्यांनी द्यायच्या गाठींचा भाव आज बांधून ठेवतो आणि शांत झोपतो. पण अकोल्याच्या रतनलाल प्लॉटमधला जो मुलगा मंगळवारी संपणारा निफ्टीचा ऑप्शन सोमवारी रात्री घ्यायचा बेत करतो, त्याच्याकडे कोणत्या गाठी आहेत? सेबीनं 2024 साली हिशोब मांडला: आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या साध्या माणसांपैकी 93 टक्क्यांना तोटा, सगळ्यांचा मिळून 1.8 लाख कोटींच्या वर. भाच्याला हा आकडा सांगितला. म्हणाला, "मंग बाकीचे सात टक्के कोन आहेत मामा?" हाच प्रश्न मी त्याच्या वयात विचारला असता. म्हणूनच भीती वाटते.

*

2022 च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. अकोटच्या बाजाराचा भाव लोक एकमेकांना सकाळच्या रामराम आधी सांगायचे. पुढच्या हंगामात भाव आठाकडे आला तेव्हा माझ्या मामेभावानं विकला नाही. दहा झाल्याशिवाय देत नाही म्हणाला. घरातली मागची खोली छतापर्यंत भरली. मुलांचं अंगावर खाजवणं सुरू झालं, उंदीर झाले, वजनही घटलं. जूनमध्ये पेरणीला पैसे पाहिजेत म्हणून सातच्या आसपास गेला.

मी त्याला हसलो नाही, कारण 414 ला घेतलेला शेअर 414 होईपर्यंत न विकणाऱ्यांत मीही बसतो. निदान त्याच्या खोलीत कापूस दिसत तरी होता.

*

वडिलांच्या ट्रंकेत कागदी शेअर सापडले. हिरवट जाड कागद, कडेला नक्षी, मागे हस्तांतराचे शिक्के. 50 शेअर, 1980 च्या दशकातले. ट्रंकेला नॅफ्थलीनचा वास आणि कागदाच्या घडीवर एक भोक.

कागदी शेअर विकता येत नाहीत. 1 एप्रिल 2019 पासून त्यांचं हस्तांतरच बंद आहे. आधी डीमॅट करून घ्यायचे. त्यासाठी आधी शेअर वारसाच्या नावावर. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारस प्रमाणपत्र, बँकेतून सहीची खात्री. कंपनीच्या निबंधकानं कागद तीनदा परत पाठवले. एकदा म्हणून की वडिलांचं नाव शेअरवर एका पद्धतीनं आणि दाखल्यावर दुसऱ्या पद्धतीनं, मधल्या नावाची एक वेलांटी दीर्घ. एकदा म्हणून की माझी सही जुळत नाही. माझी सही माझ्याशी जुळत नाही, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

मग कळलं की लाभांश सलग सात वर्षं कुणी उचलला नाही तर शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातात. तेही तिथेच गेले होते. परत मागता येतात, अर्ज वेगळा. अर्ज केला आहे. ट्रंकेतला कागद आता नुसता चित्रासारखा आहे, तरी टाकवत नाही. नॉमिनीचं नाव तेवढं आपापल्या डीमॅटमध्ये आजच पाहून घ्यावं, आणि ते आधारकार्डावरच्या वेलांटीसकट जुळतं का तेही.

*

टिप देणाऱ्यांबद्दल: यार्डात ज्याच्याजवळ माल असतो तोच "तेजी येऊन राह्यली" म्हणत फिरतो. ग्रुपवरच्या संदेशाकडे याच नजरेनं पाहावं.

*

आयपीओ, म्हणजे कंपनीची पहिली शेअरविक्री. घरात पाच पॅनकार्ड, पाच अर्ज. पैसे खात्यातच अडकून राहतात, कापले जात नाहीत. मिळाला तरच कापतात. मागणी फार झाली की लहान अर्जदारांत सोडत निघते, एकेक लॉट. बहिणीच्या सासूबाईंना लागला. वय 81. त्यांना वाटलं लॉटरी लागली. मला त्यांची चूक दाखवावीशी वाटली नाही.

*

काल रात्री अकरा वाजता भाच्याचा संदेश. सोबत काँट्रॅक्ट नोटचा फोटो, एका ओळीवर लाल गोल. "मामा, हे स्टॅम्प ड्युटी म्हंजे काय? रुपया पस्तीस पैसे कायचे?"

त्याला लिहिलं, तुझ्या आजोबांच्या हिशोबपट्टीवर खाली तिकीट चिकटवलेलं असायचं, त्याच्यावर अंगठा किंवा सही मारून लोक चुकारा घ्यायचे. त्याच घराण्यातलं. झोप आता.

थोड्या वेळानं पुन्हा टिंग. "आणि हे खालच्या ओळीतलं?"